इतिहासाचं अपडाऊन

"शिंदखेडा? वा वा! म्हणजे जिजाऊंच्या माहेरी शिकवता की तुम्ही!"

पुण्यातल्या एका चर्चासत्रात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नम्रपणे दुरुस्ती केली. जिजाऊंचं माहेर म्हणजे सिंदखेड राजा; ते बुलढाणा जिल्ह्यात, लखुजीराव जाधवांचं. आमचा शिंदखेडा धुळे जिल्ह्यात, सुरत-भुसावळ रेल्वेवर, बुराई नदीच्या काठी. आमच्यात राजा नाही, तहसीलदार आहेत. गृहस्थांनी मन लावून ऐकून घेतलं आणि पाचच मिनिटांनी अध्यक्षांशी माझी ओळख करून दिली, "हे जिजाऊंच्या गावचे." पुढच्या सात-आठ चर्चासत्रांत मी दुरुस्ती करत राहिलो. मग थकलो. एकदा तर कुणीतरी विचारलं, "बारा जानेवारीला फार गर्दी होत असेल नाही?" आणि मी "होते थोडीफार" म्हणून मोकळा झालो. दंतकथा इतिहासात कशी शिरते, हा माझा वर्गातला आवडता विषय. ती कंटाळ्याच्या दारातून शिरते, हे मला त्या दिवशी कळलं.

फक्त एकदा मी हट्टाने भांडलो. एका संयोजकांनी माझा प्रवासखर्च सिंदखेड राजाच्या अंतराने काढला होता. पुण्याहून आमचा शिंदखेडा जास्त लांब पडतो. ऐतिहासिक सत्याची चाड माणसाला अशा वेळी फार असते.

नावाचं सुख आम्हाला सरकारदरबारीही नव्हतं. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरात तालुक्यांची नावं बघा. तिथे आमचा तालुका विरदेल नावाने बसलेला आहे. आज विरदेल हे शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव. तिकडचा एखादा मुलगा वर्गात उशिरा आला तर मी त्याला सहसा बोलत नसे. न जाणो, जुनं तालुक्याचं ठिकाण! आणि आता तालुका आमच्या नावाने असला तरी मिरचीचा बाजार आणि रुबाब दोंडाईच्याचा, हमरस्ता आणि एमआयडीसी नरडाण्याची, तापी-पांझरेचा संगम आणि कपिलेश्वर मुडावदचा. शिंदखेड्याच्या वाट्याला उरल्या कचेऱ्या, एसटी स्टँड आणि आम्ही प्राध्यापक.

त्यातही प्राध्यापक उरले म्हणणं धाडसाचं. आमच्यातले बहुतेक धुळ्यात राहून शिंदखेड्याला शिकवत. याला आमच्याकडे 'अपडाऊन' म्हणतात. शेजाऱ्यांना कुणी "हे सर काय करतात?" विचारलं तर ते सांगत, "अपडाऊन करतात." शिकवण्याचा उल्लेख नंतर, विचारणाऱ्याला वेळ असला तर. सकाळची ठरलेली बस, ठरलेली शीट. इंग्रजीवाले सर खिडकीशी, कारण त्यांना ऊन चालतं. अर्थशास्त्रवाले सर कंडक्टरच्या मागे, कारण तिथे सुट्टे पैसे मिळतात. मी चाकावरच्या शीटवर. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या दुकानांपर्यंत डोळे उघडे असत. सोनगीर सुटलं की माझी मान पडायची ती थेट शिंदखेड्याच्या स्टँडवर उठायची. मधे चिमठाणे लागतं. तिथे कुणीतरी पाय सावरून माझ्या शेजारी बसायचं, एवढं झोपेतही कळायचं.

मी १९९३ साली नोकरीला लागलो. हे साल नीट लक्षात ठेवा. पानिपत १४ जानेवारी १७६१, असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ या तारखा माझ्या पिढीच्या प्राध्यापकाला झोपेतून उठवून विचारल्या तर एखादी चुकेल. पण '१९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २०००' हा कालखंड कधी चुकणार नाही. या काळात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास न होता लागलेले ते 'बिगर नेट-सेट'. त्यांच्या सेवा कधीपासून धरायच्या यावर मोर्चे निघाले, खटले चालले आणि २०१३ साली परीक्षांवर बहिष्कारही पडला. त्यात एकाहत्तर दिवसांचा पगार अडकला तो वेगळाच. मला मात्र 'बिगर' हा शब्द ऐकला की मोठी बिगरी आठवते. पहिलीत बसायची अजून परवानगी नाही आणि घरीही कुणी ठेवून घेत नाही, अशी ती अवस्था. मी तिच्यात काही वर्षं काढली आणि मग पीएच.डी. करून वर चढलो.

त्या पीएच.डी.बद्दल थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगण्यात माझाच तोटा आहे. विषय होता, 'पश्चिम खानदेशातील दळणवळण, इ. स. १८१८ ते १९४७ : एक ऐतिहासिक अभ्यास'. तोंडी परीक्षेला आलेल्या वृद्ध परीक्षकांनी चष्मा पुसला आणि मृदू आवाजात विचारलं, "१८१८ साली पश्चिम खानदेश होता का हो?" नव्हता. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले ते १९०६ साली. म्हणजे माझ्या प्रबंधाची पहिली अठ्ठ्याऐंशी वर्षं अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्यात गेली होती. मी मार्गदर्शकांकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. शीर्षक एकदा मंजूर झालं की बदलायचं म्हणजे पुन्हा सगळे कागद. परीक्षक भले होते; त्यांनी चहा मागवला. दळणवळणावरचा प्रबंध मी एसटीत बसून लिहिला असल्यामुळे त्यात प्रत्यक्ष अनुभव मात्र भरपूर होता.

आमचा इतिहास विभाग एका माणसाचा. विभागप्रमुख मी, सहकारी मी, आणि कपाटाची किल्लीही माझ्याकडे. पण विभागाची मासिक बैठक झालीच पाहिजे आणि तिचं इतिवृत्त फाईलला लागलंच पाहिजे, असा दंडक. तेव्हा दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी इतिवृत्त लिहायला बसे. 'विभागप्रमुखांनी उपस्थितांचे स्वागत केले. मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सविस्तर चर्चेअंती पुढील ठराव सर्वानुमते मंजूर.' दोनदा मला स्वतःचं म्हणणं पटलं नाही, पण नोंद 'सर्वानुमते' अशीच केली. विभागातली भांडणं बाहेर जाऊ नयेत.

वर्गाचं म्हणाल तर पटावर एकशेवीस, समोर अकरा. कापसाची वेचणी सुरू झाली की सात. आमची पोरं इतिहास दोन कारणांसाठी घेत. एक, त्यात गणित नाही. दोन, पुढे फौजदार व्हायच्या परीक्षेला तो येतो. पण त्यातली चार पोरं अशी असत की तास संपला तरी त्यांचे डोळे मिटत नसत. एकदा फ्रेंच राज्यक्रांती चालली होती. पाव महागला, पॅरिसमध्ये पाव मिळेना, बाया व्हर्सायवर चालून गेल्या, असं मी रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पाव नव्हता ते त्या लोकेस्नी भाकर कसाले खादी नही?" सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. बाजरी असलेल्या मुलखातल्या माणसाला युरोपची भूक समजावून सांगणं सोपं नाही. मी फळा पुसला.

उत्तरपत्रिकांचं दुःख मी सांगत नाही; ते सगळेच सांगतात, आणि निम्मे किस्से घरी रचलेले असतात. एकच सांगतो. 'पानिपतावर मराठ्यांचा पराभव का झाला?' या प्रश्नाला एका पोराने लिहिलं होतं, 'कारण संक्रांतीला ते घरी नव्हते.' मी लाल पेनाने शेरा मारला, 'त्या वर्षी संक्रांत काही दिवस आधीच होऊन गेली होती.' हे खरं आहे. संक्रांत हळूहळू पुढे सरकते. १७६१ साली ती चौदा जानेवारीच्या आधी येऊन गेली होती. नंतर वाटलं, कारण चुकीचं म्हणावं असं त्याच्या उत्तरात काय होतं? लाखभर माणूस घरापासून शेकडो कोस दूर उपाशी बसला होता, हेच तो सांगत होता. पाचातले दोन दिले.

गावात इतिहासाचा प्राध्यापक म्हणजे काय, याची कल्पना लोकांच्या मनात पक्की असते. त्याने मिरवणुकीच्या आधी भाषण करावं, 'खानदेश' हे नाव कसं पडलं याची चार मतं सांगावीत, आणि पाचवं मत ज्याच्या घरी जेवण आहे त्याचं सांगावं. कान्हदेश, खानांचा देश वगैरे मतं मी वाटायचोच. अकबराने १६०१ साली असिरगड घेतल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाचं नाव दानदेश केलं होतं, हेही सांगायचो. पण ते कुणाला आवडत नसे. टाळ्या पडत त्या श्रीकृष्णाच्या मताला.

दुसरं गिऱ्हाईक कुळाचं. "सर, आमचं कूळ मूळ कुठलं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या दुकानात आणि एकदा बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर विचारला गेला आहे. खरं सांगायचं तर या धंद्यात आमचा पाडाव वहीवाल्या भाटाने केव्हाच केला. तो येतो, ओट्यावर बसतो, लांबलचक वही उलगडतो आणि गळा काढून बत्तीस पिढ्या म्हणतो. बत्तिसाव्या पिढीला कुठलं ना कुठलं सिंहासन असतंच. त्याला धान्य मिळतं, कापड मिळतं, वर खापरावरच्या पुरणपोळ्या. मी जातो आणि म्हणतो, "या काळाचा पुरावा मिळत नाही." मला चहा मिळतो. तोही दुसऱ्यांदा गरम केलेला.

आणि धुळ्यात राहणाऱ्या इतिहासाच्या माणसावर आणखी एक सावली असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आमच्याच शहरात वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. पुढच्याच महिन्यात भा. वा. भटांनी आणि मंडळींनी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड. पहिला १८९८ साली, पानिपतावरच. हा माणूस गावोगाव फिरला, हाताने रांधून जेवला, वाड्यांच्या माळ्यांवरून दफ्तरं उतरवून घेतली. माझं बिऱ्हाड त्या मंडळापासून चालत पंधरा मिनिटांवर. तीस वर्षांत मी तिथे किती वेळा गेलो हे कृपा करून विचारू नका. बऱ्याचदा 'संस्थाभेट' या सदराखाली फोटो काढायला गेलो. एकदा पावसात अडकलो म्हणून.

पण एका मे महिन्यात राजवाडे माझ्या अंगात आले. तालुक्यातल्या एका गावी जुनी पेटी आहे, तिच्यात मोडीतले कागद आहेत, अशी खबर एका विद्यार्थ्याने आणली. पारा चव्वेचाळीसवर. मी डोक्याला उपरणं गुंडाळून गेलो. घरमालकांनी पेटी ओट्यावर आणली, फडकं मारलं. अर्ध्या तासात अर्धं गाव जमलं.

"सर, काय लिखेल शे?"

"थांबा, बघतो."

"धन शे का?"

मोडी मी शिकलो होतो, पण प्रमाणपत्रापुरती. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. मी एकेक शब्द धरून मोठ्याने वाचत गेलो, आणि लोक श्वास रोखून ऐकत गेले. तिसऱ्या ओळीत शेताचं नाव आलं. "हाई ते आपलंच वावर!" मालक हरखले. पाचव्या ओळीत रक्कम आली. सातव्या ओळीत कळलं की ते वावर मालकांच्या पणज्याने शेजाऱ्याच्या पणज्याकडे गहाण टाकलं होतं. शेजारी गर्दीत होताच. तो एक पाऊल पुढे आला. "सर, आजून वाचा," तो म्हणाला, "सोडवेल शे असं कोठे लिखेल शे का?"

मालकांच्या बायकोने माझ्या हातातला कागद अलगद काढून घेतला, पेटीत ठेवला, पेटीवर स्वतः बसली आणि म्हणाली, "काही नही शे सर तेन्हामा. चहा ल्या."

राजवाड्यांना लोक कागद का देत नसत, यावर मी दोन व्याख्यानं दिली होती. दोन्हीत कारण लोकांचं अज्ञान असं सांगितलं होतं. अज्ञान कसलं? त्या बाईइतकं कागदाचं मोल मला तरी कुठे कळत होतं?

तो माझा पहिला आणि शेवटचा दफ्तरशोध. त्यानंतर मी ज्या दफ्तरात बुडालो ते माझं स्वतःचं. प्राध्यापकाला पुढच्या श्रेणीत जायचं तर 'कॅस'ची फाईल करावी लागते. तिच्यात रुजू झाल्याच्या अहवालापासून ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एनएसएसचं शिबिर, वृक्षारोपण, रक्तदान शिबिरात उपस्थिती (रक्त दिल्याचं नाही, उपस्थितीचं) इथपर्यंत सगळी प्रमाणपत्रं साक्षांकित करून, खूणचिठ्ठ्या लावून, तीन प्रतींत. माझी फाईल आम्ही एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. चार किलो दोनशे भरली. शिवकालातल्या एखाद्या सरदाराचे एवढे कागद मिळाले असते तर त्याच्यावर तीन प्रबंध झाले असते. मी अमुक दिवशी अमुक ठिकाणी होतो, याचा असा बिनतोड पुरावा मराठ्यांच्या इतिहासात दुसऱ्या कुणाचा नसेल. फक्त तिथे मी काय केलं, याबद्दल साधनं मूक आहेत.

फाईल तपासणारे आमचे ऑफिसातले भाऊसाहेब फार काटेकोर. एका उन्हाळी दुपारी, लाईट गेलेली असताना, मी गंमत म्हणून त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, राजवाड्यांनी अर्ज केला असता तर?"

"कोण राजवाडे? शिरपूरचे?"

"इतिहासाचार्य."

"पात्रता?"

"बी. ए."

"एम. ए. नाही? सेट? नेट? मग तासिका तत्त्वावरही घेता येणार नाहीत, सर. प्रकाशनं सांगा."

"साधनांचे बावीस खंड."

"आयएसबीएन?"

"तेव्हा नव्हता."

"मग शून्य. पुढे?"

"ज्ञानेश्वरीची जुनी पोथी शोधून छापली."

"शोधल्याचं प्रमाणपत्र? ज्यांच्याकडे सापडली त्यांचं, शिक्क्यानिशी?"

"नसावं. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिला."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "ही संस्था नोंदणीकृत आहे का?"

मी गप्प बसलो. मग त्यांनाच दया आली. "दुसरं कुणी सांगा सर, बसवू कुठेतरी." मी रियासतकार सरदेसाई सांगितले, तेही बी. ए., बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत. मग जदुनाथ सरकार सांगितले. राजवाडे गेले त्याच १९२६ साली जदुनाथ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. कुलगुरू म्हटल्यावर भाऊसाहेब सरळ बसले. "एम. ए.?" "आहे, पण इंग्रजी वाङ्मयात." भाऊसाहेब पुन्हा टेकले. "मग इतिहासाला कसे चालतील? विषय वेगळा." तेवढ्यात लाईट आली आणि भाऊसाहेबांनी माझ्या फाईलमधलं एक पान उलटून म्हटलं, "तुमचं बरं आहे सर. तुमचं सगळं आहे." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

कॉलेजची प्रतवारी करणारं नॅकचं पथक येणार ठरलं तेव्हा इतिहास विभागाला संग्रहालय असावं असं वरून आलं. मुदत नऊ दिवस. मी वर्गात आवाहन केलं. पोरांनी जातं आणलं, अडकित्ता आणला, बैलांच्या घंटा आणल्या, एकाने चुलत्याचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणला. शिपायाने घरून एक तांब्याचा हंडा आणला, चांगला काळवंडलेला, ठोक्याठोक्यांचा, सोनगीरच्या कासारांच्या हातचा वाटावा असा. मी चिठ्ठी लिहिली : 'पाणी साठवण्याचे भांडे. उत्तर मराठा काळ. अंदाजे अठरावे शतक.' पथकातल्या एक बाई इतिहासाच्याच निघाल्या. त्यांनी हंडा उचलला, उलटा केला, बुडाशी कोरलेला लेख बोटाने साफ केला आणि सावकाश वाचला, 'मामाकडून सप्रेम भेट, १९८७.' माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "लेख असलेली वस्तू फार दुर्मीळ. जपून ठेवा." मोठ्या मनाची बाई. हंडा त्याच संध्याकाळी शिपाई घेऊन गेला. घरी पाण्याचा खोळंबा झाला होता.

आता चिमठाणे.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये, आणि तेही १९४४ सालचे. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही माणसं इतक्या लांबून इथे आली. खानदेशातले कार्यकर्ते सोबतीला होते. त्याआधी दीड वर्ष, ९ सप्टेंबर १९४२ला, नंदुरबारात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा गोळीला सामोरा गेला होता. म्हणजे आमच्या अपडाऊनच्या पट्ट्यात इतिहास भरपूर घडलेला. साताऱ्याची माणसं येऊन तो करून गेली, आणि मी धुळ्याहून रोज येऊन त्याच्यावरून पेंगत गेलो. वर्गात चळवळ शिकवताना चिमठाणे मी एका वाक्यात उरकत असे, कारण गाईडमध्ये ते एका वाक्यात होतं.

चिमठाण्याला माझ्या शेजारी येऊन बसणारे एक म्हातारेबुवा होते. धोतर, टोपी, हातात तहसीलच्या कागदांची पिशवी; सातबाऱ्यावरचं एक नाव कमी करायला ते कित्येक वर्षं शिंदखेड्याला येत होते. एक दिवस त्यांनी मला कोपराने ढोसून जागं केलं.

"सर, तुम्ही इतिहासनाच ना?"

"हो, बाबा."

"खजिना लुटा ना आठे, तवय मी तथाच व्हतू. ढोरे चारी राह्यंतू. धा-बारा वरीसना व्हतू."

माझी झोप उडाली. खरंच उडाली. "वा! बाबा, एकदा निवांत बसू. सगळं लिहून घेऊ. तेवढ्या परीक्षा संपू द्या."

त्या महिन्याच्या इतिवृत्तात ठराव आहे : 'विभागामार्फत मौखिक इतिहास प्रकल्प हाती घेण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.' परीक्षा संपल्या. पेपर तपासायला जळगावला विद्यापीठात जावं लागलं. मग प्रवेश, मग निवडणुकीची कामं, मग नॅक. पुढच्या वर्षी तोच ठराव पुन्हा मंजूर केला, 'प्राधान्याने' हा शब्द घालून. बाबांनी मला आणखी दोनदा विचारलं, "कवय येतस, सर?" तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं बसायचे. आणि मग एका पावसाळ्यात ती कागदांची पिशवी घेऊन एक तरुण माझ्या शेजारी बसला.

"बाबा कुठे आहेत?"

"बाबा गयात, सर. दोन महिना व्हयनात."

सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

२०२३ साली मी निवृत्त झालो. पटावरचे एकशेवीस त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण हजर होते, कारण जेवण होतं : शेवभाजी, बट्टी आणि तिखटाला दोंडाईच्याची मिरची. भाषणं झाली. एका वक्त्यांनी मला 'इतिहास घडवणारे सर' म्हटलं, दुसऱ्यांनी 'चालताबोलता इतिहास' म्हटलं. बसमध्ये माझ्यासोबत येणारे अर्थशास्त्रवाले सर म्हणाले, "चालताबोलता कधी दिसला नाही, पण असेल." शाल, नारळ, आणि सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून एक तांब्याचा हंडा. मी तो आधी उलटा केला. बुडाशी माझं नाव, 'सप्रेम भेट' आणि तारीख. लेख असलेली वस्तू!

संध्याकाळची बस धरली. हंडा मांडीवर, त्यामुळे झोपता येईना. चिमठाण्याची पाटी दिसली आणि मी उठून उभा राहिलो.

कंडक्टर दचकला. "सर, आठे कसाले उतरी राह्यनात?"

"काम शे," मी म्हणालो.

खजिना-लुटीच्या स्मारकापाशी कुणी नव्हतं. चार शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागे बारा-तेरा वर्षांचा एक पोऱ्या. मी हंडा खाली ठेवला आणि खिशातून वही काढली. तो जवळ आला, हंड्यावर टिचकी मारून आवाज ऐकला.

"बाबा, हंडा इकाना शे का?"

"नाही रे. इथे काय झालं होतं, ठाऊक आहे का तुला?"

"खजिना लुटा व्हता. मन्हा पणजाले बठ्ठं मालूम व्हतं. तो तथाच व्हता."

"मग काय सांगायचा तो?"

पोऱ्याने एका शेळीला खडा मारला. "माले काय मालूम? मी कधी इचारंच नही."

पुढची बस पावणेसातला आली. हंडा आम्ही दोघांनी मिळून वर चढवला.